विश्लेषण : सायकल दुरुस्ती ते पाण्याचे पंप… लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कृष्णाकाठी ‘सुटा भाग’ कसा घडवला?

मोटारीच्या ब्रेकची लोखंडी नळी गंजली, दगड लागून चेपली किंवा गळू लागली, तर जाणकार मेकॅनिक ती चिकटवून किंवा वेल्डिंग करून देत नाही. तो खराब नळी काढतो आणि त्याच मापाची, त्याच जाडीची दुसरी बसवतो. यात आज कुणाला नवल वाटत नाही, कारण मापातला सुटा भाग तालुक्याच्या गावीही मिळतो. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र सातारा-सांगलीच्या पट्ट्यात यंत्राचा एखादा भाग मोडला, की तो बोटीने परदेशातून मागवणे किंवा यंत्रच टाकून देणे एवढेच मार्ग उरत. ही अडचण ज्यांनी आयुष्यभर सोडवली, ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर सायकल दुरुस्तीच्या दुकानातून पुढे आले होते. त्यांची ओळख ‘नांगर आणि पंपवाले किर्लोस्कर’ अशी आहे. पण नांगर आणि पंप यांच्या मुळाशी दुरुस्तीतून आलेली दृष्टी होती. ती कशी घडली, याचा हा आढावा.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा यंत्रांकडे कसा वळला?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरातील वातावरण पाहता मुलाने शिकून नोकरी धरावी, अशीच अपेक्षा होती. पण लक्ष्मणरावांचे लक्ष शाळेत नसे. त्यांना दोन गोष्टींचे वेड होते, चित्रे काढण्याचे आणि यंत्रे उघडून पाहण्याचे.

१८८५ मध्ये ते मुंबईला गेले आणि जे. जे. कला शाळेत दाखल झाले. तिथे त्यांना स्वतःबद्दलची एक अडचण कळली. काही रंगांतील फरक त्यांना ओळखता येत नव्हता. रंगांधळा विद्यार्थी चित्रकार होणार कसा? रंगकाम सोडावे लागले, पण रेषेवरचा हात पक्का होता. मग ते यांत्रिक रेखाटनाकडे, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले.

हा विषय वरवर रुक्ष वाटतो. यंत्राचा एखादा भाग समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसतो ते कागदावर काढायचे आणि प्रत्येक लांबी-रुंदी, भोक, गोलाई यांचे माप लिहायचे. पण हा कागद हातात असला, की तो भाग न पाहिलेला कारागीरही तो तयार करू शकतो. एकच भाग शंभर वेळा, एकसारखा बनवता येतो. पुढे कुंडलच्या माळावर जे उभे राहिले, त्याचे मूळ या कागदात होते.

या कौशल्यावर त्यांना मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवण्याची नोकरी मिळाली. १८८७ मध्ये सुरू झालेली ही संस्था तेव्हा नवी होती. तिथे वाफेची इंजिने, लेथ, भट्टी हे सारे जवळून पाहायला मिळाले. शिकवून झाल्यावर ते कार्यशाळेत रमत आणि यंत्रे खोलून जोडायला शिकत. अभियांत्रिकीची कोणतीही पदवी त्यांच्याकडे नव्हती.

बेळगावचे सायकलचे दुकान नेमके काय होते?

मुंबईत सायकल हे त्या काळी नवलाचे वाहन होते. पुढचे चाक प्रचंड मोठे आणि मागचे चिमुकले, अशा जुन्या सायकली मागे पडून दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल नुकतीच आली होती. हवेचा टायर १८८८ मध्ये डनलॉप यांनी आणला. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाचा व्यवसाय सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवत आणि त्यांचे थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामुअण्णा, त्या विकत. सायकल चालवायला शिकवणे आणि बिघडलेली सायकल नीट करून देणे हाही धंद्याचाच भाग होता. त्या वेळी एका सायकलची किंमत ७०० ते १,००० रुपयांच्या घरात होती. सामान्य कुटुंबाने वापरावी अशी ही वस्तू नव्हती. ती घेणारा माणूस वर्षानुवर्षे ती चालावी, अशीच अपेक्षा करणार.

इथेच दुरुस्तीचा प्रश्न उभा राहिला. सायकलमध्ये पोकळ लोखंडी नळ्या, छर्रे, साखळीचे दुवे, आरे, आटे पाडलेले बारीक नट असे भाग असतात. त्या काळच्या सायकलचा ब्रेक म्हणजे मुठीजवळचा दांडा दाबला, की एक पट्टी पुढच्या चाकावर घासून वेग कमी करणारी साधी जोडणी. तो दांडा वाकला किंवा त्याचा सांधा सैल झाला, तर उतारावर स्वार थेट खड्ड्यात. गावातला लोहार कितीही कसबी असला, तरी त्याला बैलगाडीच्या चाकाची धाव चढवण्याची, कुऱ्हाड-विळा घडवण्याची सवय होती. केसाएवढ्या फरकाने नट न बसण्याचा अनुभव त्याला नव्हता. त्यात चूक त्याची नव्हती. त्याच्या कामाला तेवढ्या बारीक मापाची गरजच कधी पडली नव्हती.

याच सुमारास, १८९२ मध्ये, अमेरिकेतील डेटन शहरात राइट बंधूंनीही सायकल विक्री-दुरुस्तीचे दुकान काढले होते. विमान उडवण्याआधी त्यांचे हात साखळ्या आणि छर्रे यांच्यावरच तयार झाले. सायकल ही त्या पिढीची अभियांत्रिकीची शाळा होती. हलकी, उघडी, प्रत्येक भाग डोळ्यांना दिसणारी आणि चूक झाली तर लगेच दाखवून देणारी.

मुंबईतील नोकरी का सोडली?

संस्थेत वरची जागा रिकामी झाली, तेव्हा ती आपल्याला मिळेल अशी लक्ष्मणरावांची रास्त अपेक्षा होती. ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. हातात ठरावीक पगार नाही, पाठीशी भांडवल नाही, शहरात मोठा उद्योग नाही. पवनचक्क्यांची एजन्सी घेऊन पाहिली, पण तेवढ्यावर भागणारे नव्हते.

परदेशी यंत्रविषयक नियतकालिके ते बारकाईने वाचत. बाजारपेठ मात्र त्यांनी आपल्या भोवतीच शोधली. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात यंत्र कोणाला लागेल? कापड गिरण्या मोजक्याच होत्या, आगबोटी नव्हत्या. शेतकरी होता. ज्वारीचा कडबा बारीक करून जनावरांना घातला तर वैरण वाया जात नाही, म्हणून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. त्यानंतर ते नांगराकडे वळले.

लोखंडी नांगराला शेतकऱ्यांनी विरोध का केला?

१९०३ च्या सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवायला घेतला. लाकडी नांगर जमीन वरवर फाडतो. लोखंडी नांगर ती खोलवर कापतो आणि उलटवतो. हरळी-कुंद्याने भरलेल्या काळ्या रानात हा फरक मोठा होता. तरीही पहिले ४० नांगर खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा समज होता.

हा प्रसंग नेहमी शेतकऱ्याची अंधश्रद्धा म्हणून सांगितला जातो. पण शेतकऱ्याच्या बाजूनेही पाहायला हवे. लाकडी नांगर मोडला, तर गावातला सुतार त्याच दिवशी नवे लाकूड बसवून देई. फाळ बोथट झाला, तर लोहार तो भट्टीत घालून शेवटून देई. या कामाचा मोबदला बलुत्यातून, धान्याच्या रूपात जाई. रोख पैसा लागत नसे. ओतीव लोखंडाच्या नांगराचे तसे नव्हते. ओतीव लोखंडात कार्बनचे प्रमाण जास्त असते. ते कडक असते, पण ठिसूळही असते. लोहाराने ते तापवून घणाखाली घेतले, तर ते वाकत नाही, तुटते. ऐन पेरणीपूर्वी नांगराचा एक तुकडा मोडला, तर अख्खा नांगर आणि त्यात अडकलेले पैसे बांधावर पडून राहणार. वाफसा निघून गेला, तर हंगाम हातचा जाणार. घरच्या पोटापाण्याशी बांधलेली ही भीती खोटी नव्हती.

या भीतीवरचा खरा उपाय म्हणजे मोडलेला किंवा झिजलेला भाग वेगळा काढता येणे आणि त्याच मापाचा दुसरा मिळणे. लोखंडी नांगर असाच बोल्टने जोडलेल्या भागांचा असतो. जमिनीत घुसून झिजणारा फाळ वेगळा, माती पलटवणारा पंखा वेगळा, अंगाचा सांगाडा वेगळा. फाळ झिजला, तर नांगर बदलायचा नाही, फाळ बदलायचा. पण त्यासाठी आज विकलेल्या नांगराचे भोक आणि तीन वर्षांनी ओतलेल्या फाळाचे भोक अचूक जुळले पाहिजे. एका नांगराचा फाळ दुसऱ्याला बसला नाही, तर सगळा विश्वास तिथेच संपतो. इथे मुंबईत शिकलेले यांत्रिक रेखाटन आणि सायकलच्या दुकानात सवयीचे झालेले माप कामी आले.

बेळगाव सोडून कुंडलच्या माळावर का यावे लागले?

धंदा जरा स्थिरावत होता, तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितले. तिथे नवी वसाहत होणार होती. यंत्रे, भट्टी, माणसे घेऊन जायचे कुठे?

या काळात किर्लोस्कर बंधूंचे औंध येथे एक बांधकाम सुरू होते. औंध हे आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील गाव, तेव्हा ते संस्थानाची राजधानी होते. संस्थानाधिपती भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार आणि कलेचे जाणकार होते. १९०९ मध्ये ते गादीवर आले. लक्ष्मणरावांची अडचण कळल्यावर त्यांनी संस्थानात जागा देऊ केली आणि कर्जही दिले. औंध संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. त्याचा कुंडलकडचा तुकडा औंधपासून बराच दूर, आजच्या सांगली जिल्ह्यात होता. लक्ष्मणरावांनी तिथला माळ निवडला, कारण शेजारून पुणे-मिरज रेल्वे जात होती आणि कुंडल रोड हे स्टेशन होते. कोळसा आणि कच्चे लोखंड उतरवायचे, तयार नांगर चढवायचे, तर रेल्वेशिवाय मार्ग नव्हता.

१० मार्च १९१० रोजी तिथे कामाला सुरुवात झाली. ३२ एकरांचा तो माळ निवडुंगाने भरलेला होता आणि नाग-सापांचे तिथे राज्य होते. मोजकी कुटुंबे तिथे येऊन राहिली. वीज, नळ, दवाखाना, बाजार यांतले काही नव्हते. पुढे याच वस्तीला किर्लोस्करवाडी हे नाव पडले आणि स्टेशनचे नावही तेच झाले. हा भाग आता पलूस तालुक्यात येतो. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. म्हणून किर्लोस्करवाडीच्या कहाणीवर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांचा सारखाच हक्क आहे.

यंत्रे कोणी चालवली?

माळावर पदवीधर अभियंते येणार नव्हते आणि त्यांना देण्याएवढा पगारही नव्हता. लक्ष्मणरावांभोवती जी माणसे जमली, त्यांच्यापैकी अनेकांची शाळेशी फारशी ओळख नव्हती. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्राच्या कल्पना त्यांना भराभर सुचत. मंगेशराव रेगे हिशेब पाहत. के. के. कुलकर्णी आणि शंभुराव जांभेकर पडेल ते काम अंगावर घेत. आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांची मुले भट्टीवर, लेथवर, साच्यांच्या वाळूत काम शिकली. गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रखवालीचे काम दिले आणि त्यांच्यावर विश्वास टाकला. कारखान्याच्या वस्तीत अस्पृश्यता पाळू नये, हा त्यांचा आग्रह होता. १९१० च्या दशकात हे सहज पचणारे नव्हते.

दुरुस्तीच्या कामाने एक गोष्ट शिकवलेली असते. यंत्र समोर उघडून ठेवले, की माणसाची जात, पदवी, हुद्दा यांचा उपयोग होत नाही. गळती कुठून होते, हे ज्याला दिसते तोच त्या क्षणी कामाचा. किर्लोस्करवाडीच्या पहिल्या फळीची निवड याच कसोटीवर झालेली दिसते.

पहिल्या महायुद्धात तोफांचे नांगर कसे झाले?

१९१४ मध्ये युद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारे कच्चे लोखंड दुर्मीळ झाले. बोटींवर युद्धसाहित्याला प्राधान्य होते. ओतशाळेची भट्टी विझली, तर नांगरच काय, आधी विकलेल्या नांगरांचे फाळही पुरवता आले नसते. म्हणजे शेतकऱ्याच्या मूळ भीतीवर शिक्कामोर्तब झाले असते.

अशा वेळी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज मदतीला आले. संस्थानातील जुन्या, निरुपयोगी पडलेल्या तोफा त्यांनी वितळवण्यासाठी दिल्या. किल्ल्यांवर गंजत पडलेल्या लोखंडाचे नांगर झाले. ही घटना आज प्रतीक म्हणून सांगितली जाते, पण त्या वेळी ती निकडीची गरज होती. वितळवून पुन्हा ओतणे हा ओतीव लोखंडाचा मोठा गुण आहे. ते ठोकून नीट होत नाही, पण भट्टीत गेले की नव्याने जन्म घेते. मोडलेले फाळही असेच परत भट्टीत जाऊ शकतात.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, रहाट अशी शेतीची अवजारे तयार होऊ लागली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घराघरांत पोहोचले.

पंप आणि ब्रेकची नळी यांचा संबंध काय?

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून शिकून १९२६ मध्ये परतले. त्याच वर्षी किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. नांगराकडून पंपाकडे जाणे ही मोठी उडी होती. नांगराच्या ओतकामात सुईएवढे छिद्र राहिले, तर बिघडत नाही. पंपाच्या कवचात ते राहिले, तर पंप निकामी. कारण पंप हा दाबाखाली काम करणारा बंद धातू आहे.

विहिरीवर पंप बसवलेल्या शेतकऱ्याला हे पाठ असते. पंपाच्या ओढणाऱ्या पाइपाला कुठेही बारीक फट पडली, की पंप हवा ओढतो. मोटार फिरत राहते, पाणी मात्र येत नाही. मोटारीच्या ब्रेकमध्ये हेच घडते, फक्त तिथे माणसाचा जीव टांगणीला असतो. पायाने ब्रेक दाबला, की मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब येतो आणि तो दाब लोखंडी नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. द्रव दाबून आकसत नाही, म्हणून पायाचा जोर पूर्ण पोहोचतो. नळीत हवा शिरली, तर पायाचा जोर ती हवा दाबण्यातच संपतो. पायडल मऊ लागते आणि गाडी थांबत नाही. हे तेलाचे ब्रेक अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी विकसित केले आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत ते चारही चाकांना आले. म्हणजे किर्लोस्करवाडीत पंपाकडे वाटचाल होत होती, त्याच दशकात मोटारीही ‘दाबाखालच्या बंद नळी’वर विसंबू लागल्या होत्या.

म्हणून खराब झालेल्या ब्रेकच्या नळीचा नियम पंपाच्या कवचासारखाच कडक आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर नळीतील दाब टायरमधील हवेच्या दाबापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. तिथे एम-सील, रबरी तुकडा आणि क्लिप, घरच्या नळाला लावतात तसले जोड किंवा वेल्डिंग टिकत नाही. साधी तांब्याची नळी वाकवायला सोपी असते, पण सततच्या थरथरीने ती कडक होऊन तडकते. म्हणून ब्रेकसाठीच बनवलेली पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची नळीच लागते. ती मापाने कापतात, आतली धार आणि कीस साफ करतात, नट आधी ओवतात आणि मग फ्लेअरिंगच्या साधनाने टोक दुमडून दुहेरी कंगोरा काढतात. हा कंगोरा नटाखाली घट्ट बसला, तरच तेल थांबते. त्यानंतर चाकाकडील निपल उघडून एअर काढतात, ब्रेक ऑइलची पातळी पाहतात आणि पायडल दाबून धरून प्रत्येक सांध्यावर ओल आहे का ते तपासतात. नळी एका जागी गंजून फुटली असेल, तर बाकीची नळीही त्याच वयाची असते. चिखल धरून ठेवणाऱ्या क्लिपांखाली ती आतून खात गेलेली असू शकते. सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण नळी बदलणेच अशा वेळी शहाणपणाचे. खंबाटकी किंवा कुंभार्लीचा घाट उतरताना हा फरक कळून उपयोग नसतो.

जिथे भाग ओझे किंवा दाब पेलतो, तिथे ठिगळ चालत नाही, मापातला नवा भागच हवा. फाळापासून पंपापर्यंत किर्लोस्करवाडीने धरलेली वाट हीच होती.

शेवटची वर्षे आणि सर्वांत मोठी दुरुस्ती

पुढच्या पिढीने उद्योगाचा विस्तार केला. १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रे बनवणारी यंत्रे, म्हणजे लेथसारखी साधने तयार करणारा म्हैसूर किर्लोस्कर कारखाना सुरू झाला. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीत ऑइल इंजिनांचा कारखाना आणि बंगळूरुत विजेच्या मोटारींचा कारखाना उभा राहिला. पंप, तो फिरवणारे इंजिन किंवा मोटार, आणि ते घडवणारा लेथ अशी साखळी पूर्ण झाली.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि व्यवसायांवर हल्ले झाले. जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला. ३८ वर्षे जोडत आणलेले बरेच काही त्या आगीत गेले. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. जळालेला कारखाना सोडून दुसरीकडे जाणे अशक्य नव्हते, समूहाचे इतरत्र कारखाने उभे राहिलेच होते. पण किर्लोस्करवाडी पुन्हा बांधली गेली आणि पंपांचे काम पुन्हा सुरू झाले. त्यानंतर आठ वर्षांनी, २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

आजच्या सातारा-सांगलीला याचा उपयोग काय?

किर्लोस्करवाडीत आजही पंप तयार होतात. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी रानांत नेणाऱ्या ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजना याच दोन जिल्ह्यांत आहेत आणि त्यांचा सारा भार पंपांवर आहे. कराड, सातारा, सांगली, मिरज इथल्या औद्योगिक वसाहतींत ओतकाम आणि लेथकाम करणारे हजारो हात आहेत. तिथल्या तरुण कामगाराला ड्रॉइंग वाचता येणे, व्हर्नियरवर माप घेता येणे, भाग नाकारायचा की पास करायचा हे ठरवता येणे या गोष्टी रोजच्या आहेत. १९१० मध्ये या भागात त्या नव्याने रुजवाव्या लागल्या.

सायकल नीट करणारा, मोटारीच्या ब्रेकची नळी वळवणारा, पंपाचे सील बदलणारा कारागीर आपल्याकडे अजूनही दुय्यम मानला जातो. लक्ष्मणरावांचा प्रवास त्या समजाला छेद देतो. मोडलेला भाग हातात घेऊन तो का मोडला हे पाहणे, त्याचे माप कागदावर उतरवणे आणि पुन्हा मोडणार नाही असा दुसरा करणे, या तीन पायऱ्यांवर त्यांचा उद्योग उभा राहिला. त्यातली पहिली पायरी कोणत्याही गॅरेजमध्ये आजही आहे. पुढच्या दोन पायऱ्यांसाठी ड्रॉइंग आणि मापन शिकवणारे, परवडणारे शिक्षण त्या गॅरेजमधल्या पोराला मिळते का, यावर पुढचा कारखाना कुठे उभा राहणार ते ठरेल.